आचाऱ्याचा आचार्य

आमच्या वाचनालयाच्या १९९८ सालच्या जमाखर्चात गणेशोत्सवाखाली एक नोंद आहे: 'आचाऱ्यास मजुरी, भांड्यांसह, रु. ३००.' गेल्या ऑक्टोबरात ती नव्या मांडणीत संगणकावर उघडली, तर तिथे लिहिलं होतं: 'आचार्यास मजुरी, भांड्यांसह, रु. ३००.'

माईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि मला विचारलं, "तीनशे रुपयांत आचार्य, आणि वर भांडीसुद्धा घासून? कुठे मिळाले हो तुम्हाला?"

ती नोंद सत्तावीस वर्षांपूर्वी मीच टाईप केली होती. बदललेल्या फाईली तपासायचं कामही माझ्याकडेच होतं आणि पहिलं पान चाळून मी 'ठीक आहे' म्हणून मोकळा झालो होतो. तेव्हा या सगळ्यात कुणाला नावं ठेवायची झाली तर सुरुवात माझ्यापासून करावी.

बडोद्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. दांडिया बाजारात, एका जिन्याखाली. सकाळी मराठी मॅटर, संध्याकाळी गुजराती. मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिराती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, तेव्हा आमच्या गावीही नव्हती. आमचे फॉन्ट म्हणजे सोंग होतं. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवायचा. प्रत्येक कंपनीचं सोंग निराळं. फॉन्ट हरवला की फाईल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. वाचनालयाचे सोळा वर्षांचे अहवाल आणि दोन स्मरणिका त्या भेळेत अडकल्या होत्या, आणि ती भेळ वाचू शकणारा फॉन्ट एकाच संगणकावर उरला होता.

त्या संगणकाची घटका भरत आली होती. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबायचे होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, आणि आमच्या सातही डब्यांत दोन्हींचा पत्ता नव्हता. समितीच्या बैठकीत खजिनदारांनी सात नव्या संगणकांचं कोटेशन वाचून दाखवलं आणि सगळे पंख्याकडे बघू लागले.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीचं, नाव मी काढलं. माझ्या भाचीच्या कॉलेजात पोरांचं एक टोळकं जुन्या संगणकांवर लिनक्स घालून देतं, फुकट, एवढंच मला ठाऊक होतं.

"कंपनी कुठली?" खजिनदार.

"कंपनी नाही."

"मग बिघडलं तर धरायचं कुणाला?"

हा प्रश्न मला तेव्हा हास्यास्पद वाटला होता. आता वाटत नाही. त्या दिवशी मी ऐकीव गोष्ट सांगून वेळ मारून नेली. ओपनऑफिस हा पत्रं-हिशेब करायचा मोफत प्रोग्राम ज्या सन कंपनीकडे होता ती २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यावर काम करणारे बरेचजण बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मोकळा होता म्हणून सामान उचलून नेता आलं. कंपन्या बदलल्या, पण काम थांबलं नाही. खजिनदार म्हणाले, "म्हणजे एकत्र कुटुंब फुटलं." तेही खरंच.

तर गट तीन झाले. कॉलेजची पोरं एक. दुसरे शनिवारवाले, म्हणजे कारखान्यांतून निवृत्त झालेले पाच-सहा इंजिनियर, जे दर शनिवारी एकाच्या गॅरेजात बसून लोकांचे मिक्सर, रेडिओ, संगणक दुरुस्त करतात. अशा बैठकांना परदेशात रिपेअर कॅफे म्हणतात, २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरला होता. विंडोज १० च्या निमित्ताने त्या मंडळींची आणि लिनक्सवाल्यांची ठिकठिकाणी हातमिळवणी चालू आहे, हे मला नंतर कळलं. आमच्या शनिवारवाल्यांना मात्र कॅफे म्हटलेलं खपत नाही. चहा घरून थर्मासमध्ये आणतात, कॅफे कसला? तिसरे आम्ही, वाचनालयाचे. आमच्याकडे जागा होती, संगणक होते आणि मतं होती.

पैशांचा प्रश्न खजिनदारांनीच सोडवला, आणि तोही बडोद्याच्या रीतीने. सयाजीराव महाराजांच्या काळात गावात वाचनालय काढायचं तर गावकऱ्यांनी जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच प्रांत पंचायत द्यायची आणि तेवढीच सरकार. "तसंच करू," ते म्हणाले. "सामानाचा खर्च आपला, हात शनिवारवाल्यांचे, डोकं पोरांचं." हे समसमान तिसरे हिस्से आहेत का, असं कुणी विचारलं नाही. बरं झालं.

तारखेवरून मात्र रंगलं. पोरांना २० सप्टेंबरच हवी होती. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात, हा दिवस २००४ पासून सुरू झाला. आमच्याकडे कुणीतरी पंचांग उघडलं: पितृपक्ष, चतुर्दशी. नवीन काही सुरू करायचं नाही. पुढे ढकलावं तर २२ पासून नवरात्र, आणि नवरात्रात बडोद्यातला विशीतला मुलगा संध्याकाळी सातनंतर मिळवून दाखवा! शेवटी माई म्हणाल्या, "नवं कुठे करतोय? जुन्यांनाच पाणी पाजतोय. पितृपक्षातलंच काम आहे हे." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

शिबिराच्या दिवशी तिन्ही गट आपापला बॅनर घेऊन आले. भिंतीला खिळे दोनच होते. एका बॅनरला दोन खिळे लागतात. मी त्या दहा मिनिटांबद्दल फार लिहिणार नाही, पण मोकळ्या सॉफ्टवेअरच्या तत्त्वांवर त्या दिवशी जेवढी भाषणं झाली त्या सगळ्यांहून तो प्रसंग मला जास्त शिकवून गेला. शेवटी शनिवारवाल्यांपैकी एक काका आपला बॅनर टेबलावर पसरून त्यावरच संगणक उघडायला बसले. दिवसभरात त्यांच्या नावावर इतकी धूळ आणि स्क्रू पडले की नाव दिसेना.

काम झकास झालं. जुन्या फिरत्या डिस्क काढून एसएसडी घातल्या, लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चढवली, मध्ये सेव-उसळ झाली. पाचला सातही संगणक सुरू. पोरांनी फोटो काढले. एका मुलीने माझ्या जुन्या फाईली पेनड्राईव्हवर घेतल्या आणि तासाभरात युनिकोडमध्ये करून आणल्या. तिने त्यासाठी पुण्यातल्या एका गटाचा मोकळा प्रोग्राम घेतला होता, त्यातल्या हिंदी फॉन्टच्या तक्त्यावरून माझ्या फॉन्टसाठी नवा तक्ता तिथल्या तिथे बनवला. मी पहिलं पान पाहिलं. पुढचं मघाशी सांगितलंच.

अशा शिबिरांचं खरं दुखणं पाचनंतर सुरू होतं. सगळे घरी जातात. सोमवारी वाचनालय उघडलं, तर प्रिंटर मुका. मंगळवारी एकाला कीबोर्ड मराठी होईना. बुधवारी माईंची तक्रार, पडद्यावरचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत, आपले नाहीत. २००९ च्या शासननिर्णयात महाराष्ट्राने या दोन अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलंय हेही त्यांनी ऐकवलं. आम्ही गुजरातेत राहतो आणि तो निर्णय आम्हाला लागू नाही, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पोरांना फोन करावा तर ती गरब्यात. शनिवारवाले म्हणाले, आम्ही हार्डवेअर. आमच्यातले म्हणू लागले, पोरं काय, फोटो काढायला आली होती. पोरांच्या बाजूने माझ्या भाचीमार्फत कळलं की त्यांना वाटतंय, या लोकांना फुकटचा सर्व्हिसमन हवाय. तिघांचंही खरं होतं.

दसऱ्याला आम्ही सातही संगणकांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. एकाच्या पंख्यात पाकळ्या गेल्या. ते शनिवारवाल्यांनी विनातक्रार साफ केलं, कारण ते हार्डवेअर होतं.

त्याच दिवशी माईंनी दोनशे पानी वही काढली. वर लिहिलं: 'गाऱ्हाणी'. आत चार रकाने आखले: तारीख, काय बिघडलं, कुणी पाहिलं, कुणाकडे दिलं. 'कुणाची चूक' असा रकाना नव्हता. मी सुचवला होता, त्यांनी नाही घातला. ही वही दर शनिवारी गॅरेजात जायची, तिथून रविवारी पोरांकडे, सोमवारी परत. मराठीत लिहिलेलं गुजराती मुलांना कळेना तेव्हा समासात गुजराती आलं. ती वही तुम्ही पाहायला हवी. एका पानावर माईंचं बाळबोध वळण, खाली काकांची गिचमिड, बाजूला पेन्सिलने काढलेली प्रिंटरची आकृती आणि एक चहाचा गोल डाग.

आमच्या कपाटात 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' आहे, १९३१ चा. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. पोरांना तो दाखवला तेव्हा एकजण म्हणाला, ही तर भाषांतराची फाईलच झाली की. लिनक्सवरच्या प्रोग्रामांच्या भाषांतराच्या फाईली अशाच असतात, एक मूळ ओळ आणि खाली आपल्या भाषेतली. फरक एवढाच की प्रत्येक भाषेची फाईल वेगळी, त्यामुळे मराठीवाल्याला गुजरातीवाला काय म्हणतो ते दिसतच नाही. कल्पतरूत शेजारच्याच्या ताटात डोकावता येतं.

आता आचाऱ्याकडे येतो.

माईंनी ती नोंद पकडल्यावर आम्ही बाकीची पानं पाहिली. अरे देवा. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या', 'येणाऱ्या' चं 'येणार्या', 'पायऱ्या' चं 'पायर्या'. पानागणिक दहा-दहा. मला का दिसलं नाही? कारण मोबाईलवर हजारदा 'दुसर्या' वाचून माझा डोळा मेलाय. माई मोबाईलवर वाचत नाहीत. पस्तीस वर्षं मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांचा डोळा जिवंत आहे.

मुलीला बोलावलं. ती आली, पाहिलं, पण तिला फरक कळेना. गुजरातीत रफार आहे, हा पापणीसारखा आडवा अर्धा र नाहीच. "पण मासी, आ बंने सरखा ज छे ने?" दोन्ही सारखेच ना?

माईंनी पावतीच्या पाठीवर शाईच्या पेनने दोन्ही शब्द लिहिले, मोठ्ठे. आचाऱ्याला. आचार्याला. म्हणाल्या, "ना बेटा. एक रांधे, बीजो भणावे." एक रांधतो, दुसरा शिकवतो.

मुलगी आधी हसली, मग गप्प झाली, मग तिने लॅपटॉप उघडला. तिच्या तक्त्यात डावीकडे जुन्या फॉन्टमधली जागा, उजवीकडे युनिकोडमधलं अक्षर. पापणीवाल्या र ची जागा हिंदी फॉन्टमध्ये रिकामीच असते. माझ्या फॉन्टमध्ये तिथे काहीतरी र सारखं दिसलं म्हणून तिने समोर 'र्' ठेवला. दिसायला अर्धा र, म्हणजे र चा पाय मोडला की झालं. पण र चा पाय मोडून पुढे य आला की युनिकोडच्या नियमाने त्याचा रफार होतो आणि य च्या डोक्यावर जाऊन बसतो. पापणी हवी असेल तर पाय मोडायचा तो र चा नव्हे, खाली टिंब असलेल्या ऱ चा. युनिकोडात तो ०९३१ या क्रमांकावर बसतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतो. गंमत अशी की अक्षर जोडलं गेलं की टिंब गायब. लिहिताना द्यायचं, वाचताना दिसायचं नाही.

ही जोडाजोड पडद्यामागे हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. लिनक्सवर तोच, लिब्रेऑफिसात तोच, अँड्रॉइडच्या मोबाईलमध्येही तोच. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडा. कल्पतरूच्या फारसी रकान्यात शोभेल असं.

तर दुरुस्ती किती? एक टिंब. मुलीने 'र्' चा 'ऱ्' केला, फाईल पुन्हा चालवली, आणि आचारी स्वयंपाकघरात परतला. माईंनी वहीत नोंद केली. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की जुन्या तक्त्याने ही वही संगणकावर चढवली असती तर तिच्यावर लिहिलं असतं 'गार्हाणी'. तक्रारीला सुद्धा तो र लागतो.

मला वाटलं संपलं. मुलगी म्हणाली, हे पुण्याला पाठवायला हवं. मी म्हटलं, कशाला? आपलं काम झालं, आणि लायसन्सही तसं बंधन घालत नाही. जीपीएल, म्हणजे तेच लायसन्स, म्हणते की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला द्याल तर त्याचा कोडही द्या. आपण तर कुणाला देत नाही. तिचं उत्तर तत्त्वाचं नव्हतंच. पुण्यातल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की आपला तक्ता तिच्यात नसेल, मग आपली दुरुस्ती दरवेळी हाताने घालत बसावं लागेल. एकदा त्यांच्याकडे गेली की कटकट त्यांची. म्हणजे परोपकार वगैरे काही नाही, शुद्ध आळस. या तीन गटांत मी वर्षभर वावरलोय, आणि जिथे जिथे खरोखर जमलं तिथे मुळाशी हाच आळस सापडला: एकच काम दोनदा करायचा कंटाळा. भाषणांनी बॅनर आले. कंटाळ्याने वही आली.

तिने पत्र इंग्रजीत लिहिलं, माईंनी उदाहरणं दिली. आठ दिवसांनी उत्तर आलं. तिकडे ते सगळं एकच माणूस पाहतो, नोकरी करून, रात्री. हे ऐकून शनिवारवाले काका अस्वस्थ झाले. "एकटा? तो आजारी पडला तर? आणि उद्या कुणी लबाड त्याला मदत करतो म्हणून घुसला तर?" प्रश्न भाबडा नव्हता. २०२४ च्या मार्चमध्ये तसंच उघडकीला आलं होतं. एक्सझेड नावाचा फाईली दाबून लहान करायचा प्रोग्राम जगभरच्या लिनक्समध्ये आहे आणि तो वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा सांभाळत होता. थकला होता. कामाला उशीर होतो म्हणून लोक त्याच्या मागे लागले होते, आणि जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं इमानदारीत हातभार लावून त्याचा विश्वास मिळवला, मग चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, म्हणून वाचलो.

काका म्हणाले, "म्हणजे त्याचीही माई होती." मग त्यांनी पुण्याच्या त्या माणसाला चहाची पावडर पाठवायची टूम काढली. पाठवलीसुद्धा.

पुण्याचं म्हणणं असं होतं की पापणीचा र त्यांच्या मराठी तक्त्यांत आहे, पण वेगळ्या रीतीने: साधा र, पायमोड, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. तेही बरोबर आहे. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत तशी रीत होती म्हणून ती आजही मान्य आहे. दिसायला दोन्ही एकसारखे. पण शोधायला गेलं की रड. आमच्या पद्धतीने 'दुसऱ्या' टाईप करून त्यांच्या फाईलीत शोधलं तर संगणक म्हणतो, असा शब्द नाही. समोर पडद्यावर दिसतोय आणि म्हणतो नाही. आमचा आग्रह ऱ साठी, त्यांच्याकडे हजारो पानं जुन्या रीतीने झालेली. दोन महिने पत्रव्यवहार चालला. माईंचा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. त्यांची दोन पत्रं मुलीने भाषांतर करताना सौम्य केली. अजून पूर्ण तोडगा नाही. नव्या फाईलींना ऱ वापरायचा एवढं ठरलंय. जुन्यांचं पाहू.

पण पुण्याने एक गोष्ट मागून घेतली. प्रोग्रामात काहीही बदल केला की आधीचं काही मोडलं नाही ना हे पाहायला ते एक चाचणीची फाईल चालवतात: जुन्या फॉन्टमधल्या ओळी आत घालायच्या, बाहेर काय येतं ते ताडून बघायचं. त्यांना खऱ्या छापील कागदांतल्या ओळी हव्या होत्या. आम्ही नावं, पत्ते काढून वीस ओळी पाठवल्या. त्यांनी सहा घेतल्या. तेव्हापासून तिकडे मध्यरात्री कुणी तक्त्यात एक टिंब जरी हलवलं, तरी आमच्या १९९८ च्या गणपतीतला आचारी आधी पुढे येतो, भांड्यांसह, आणि तो आचारीच राहिलाय याची खात्री झाल्यावरच बाकीचं पुढे सरकतं.

हे माईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत तारीख घातली, चौथ्या रकान्यात 'पुणे' लिहिलं, आणि पेनचं टोपण लावत विचारलं, "पण अहो, रक्कम पाठवलीत का तुम्ही? तीनशे रुपये वाचून काय म्हणतील ते आपल्याला?"